आईला न सोसलेला शाम्पू

बी.एस्सी.चा निकाल लागल्यावर तीन-चार महिन्यांनी मला ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका लहान कारखान्यात नोकरी लागली. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, तिच्या टोकाला काचेचं दार असलेली एक खोली आणि त्या खोलीत आम्ही दोन केमिस्ट. एक मी आणि दुसरे सर. सर मूळचे कोकणातले, निवृत्तीला आलेले. तिथे शाम्पू बनायचा, केसांचं तेल बनायचं आणि या दोन्हींवर दुसऱ्याच कुणाच्या नावाचं लेबल लागून ती दुकानात जायची. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. त्या रस्त्यावर तेव्हा दर अर्ध्या मैलावर वेगळा वास यायचा आणि बसमध्ये डोळे मिटून बसलं तरी आपला स्टॉप आला हे नाकाला कळायचं.

आम्ही बेलापूरला राहत होतो. नवी इमारत, दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. वडील त्याच रस्त्यावरच्या औषधांच्या कंपनीत फिटर होते. त्याआधी तुर्भ्याला बारा वर्षं काढली होती, तिथे नळ गल्लीच्या टोकाला होता. आणि त्याच्याही आधी मराठवाड्यातलं गाव. तिथे पाणी आम्हाला दुसऱ्याच्या हातून मिळायचं. विहिरीपासून लांब उभं राहायचं आणि कुणी वरून घागरीत ओतलं तर घ्यायचं. लग्न होऊन आलेल्या आईने त्या गावात केस धुतले ते ओढ्याला पाणी असेल तेव्हाच.

बेलापूरच्या घरात न्हाणीत स्वतःचा नळ होता. पाणी सकाळी दोन तासच यायचं, पण रविवारचे ते दोन तास आईचे असायचे. तिचे केस कमरेच्या खाली उतरणारे, दाट, जरासे कुरळे. ती ते सावकाश धुवायची. वडील दाढीसाठी खोळंबायचे, पण बोलायचे नाहीत. मग ओले केस पाठीवर सोडून ती पांढरं लुगडं नेसायची आणि आम्ही वंदनेला विहारात जायचो. तिथल्या बायका तिला म्हणायच्या, "काय लावता हो डोक्याला?" आणि आई म्हणायची, "काय नाय, साबन."

खरंच साबणच होता. गावाकडे रिठे आणि शिकेकाई असायची, पण तुर्भ्याला आल्यावर कपड्याचा नाही आणि अंगाचाही धड नाही असा एक हिरवा वडीसाबण घरात आला आणि तोच डोक्याला लागायला लागला. तुर्भ्याचं पाणी बोअरचं, जड. साबण घासला की केसांत पांढरट राप बसायचा, कंगव्याच्या दातांत मेणासारखं काहीतरी अडकायचं. आई म्हणायची, इथल्या पाण्यालाच माया नाही. जड पाण्यातला चुना साबणाला धरून त्याचा साका करतो आणि तो साका केसांवर बसतो, हे मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकले. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी पान्याला माया नव्हतीच की. मी तेच म्हनत होते."

तर नोकरी लागल्यावर पहिल्या महिन्यातच मी शाम्पूची एक बाटली घरी आणली. लेबल न लावलेली, पिवळसर, जाईचा वास असलेली. कारखान्यात आम्हाला अशा बाटल्या मिळायच्या. आईने ती उजेडात धरून पाहिली, उलटी केली. आतला बुडबुडा सावकाश वर चढला.

"हे तू केलंस?"

"मी एकटीने नाही. पण मोजून घातलं सगळं मीच."

तिने बाटली आधी बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवली, मग न्हाणीच्या खिडकीत. त्या रविवारी तिने इतका वेळ लावला की नळ गेला आणि वडिलांनी पिंपातल्या पाण्याने दाढी केली. बाहेर आली तेव्हा तिचे केस पहिल्यांदाच कंगव्यात न अडकता सुटले. ती सारखी केसांतून बोटं फिरवून पाहत होती. विहारात कुणीतरी नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या लेकीनं केल्याला शाम्पू." त्या आठवड्यात मला आणखी सहा बाटल्या आणाव्या लागल्या.

मला अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. मी बसमधून येताना त्या बाटल्या मांडीवर धरून बसायचे.

दोनेक महिने असेच गेले. मी सकाळी सातला निघायचे, संध्याकाळी सातला यायचे. घरात दिव्याखाली आईचा चेहरा दिसायचा तेवढाच. तिने डोक्यावरून पदर घ्यायला सुरुवात केली होती, ते मला थंडीमुळे वाटलं.

दिवाळ्याहून एक मावशी आमच्या इमारतीत मासळी घेऊन यायची. दिवाळे गाव आमच्यापासून चालत अर्ध्या तासावर, खाडीच्या काठाला. मावशी पाटी जिन्यात उतरवायची, एकेका घराच्या दाराशी बसून गप्पा मारायची, आणि आईशी तिचं विशेष जमायचं. एका सुट्टीच्या दिवशी आई खाली राशनला गेली होती आणि मीच दार उघडलं. मावशीने बोंबील मोजता मोजता माझ्याकडे पाहिलं.

"तुजे आयचं डोकं बघितलंस काय गो?"

"का? काय झालं?"

"मानेवं सगली लाली हाय. कानाचे मागं चिरा पडल्यान. रातचं झोप नाय तिला. तुला सांगनार नाय ती, मना म्हायती हाय. म्हनून मी सांगतंय."

मी बोंबलाचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. आई वर आली तेव्हा मी तिला खिडकीजवळ बसवलं आणि पदर बाजूला केला. केसांच्या रेषेला धरून कपाळापासून मानेपर्यंत लाल पट्टा होता. कानांमागे कातडी सोलली होती, त्यावर खोबरेल तेल चोपडलेलं. एका पापणीवरही सूज होती.

"कधीपासून?"

"झालं असंल महिनाभर."

"मग शाम्पू लावायचं थांबवलंस का?"

तिने पदर परत डोक्यावर ओढला.

"आई, थांबवलंस का?"

"आगं, तू पयल्यांदा कायतरी करून आनलंस," ती म्हणाली. "आन मीच म्हनू का, की मला सोसत नाय? त्या सगळ्या बाया लावत्यात. त्यांना काय होत नाय. माझीच कातडी गावंढळ."

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो नेमका कुणावर ते कळेना. मी उठून न्हाणीतली बाटली आणली आणि तिच्यादेखत मोरीत ओतली. फेसाने मोरी भरली. आई ओरडली, "आगं, दुसऱ्याला तरी दिली असती!"

वाशीला एका तरुण त्वचारोगतज्ज्ञाने नुकताच दवाखाना उघडला होता. भिंतींच्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. त्यांनी आईचं डोकं भिंगाने पाहिलं, मलम लिहून दिलं आणि म्हणाले, "शाम्पू बंद. कुठला वापरत होता?"

मी सांगितलं की तो मीच बनवते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तर तुम्हाला त्यात काय काय आहे ते माहीत असेल."

"हो."

"सगळं?"

मी म्हणाले, "सगळं. सात वस्तू आहेत." आणि त्यांना एकेक सांगायला लागले. सातव्या नावापाशी त्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "अहो, माझ्याकडे येणाऱ्या कुणालाच हे सांगता येत नाही. बाटलीवर लिहिलेलंच नसतं. नुसतं आवळा, ब्राह्मी आणि बाईचं चित्र. तुम्ही ते सातही पदार्थ मला वेगवेगळे आणून देऊ शकाल का? पातळ करून? आईंच्या पाठीवर लावून बघू. नेमकं काय सोसत नाही ते कळेल, म्हणजे जन्मभर तेवढंच टाळायचं."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, असल्या भानगडी कारखान्याबाहेर नेऊ नयेत. सरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "शाम्पूत प्रत्येक पदार्थ जेवढा असतो, त्याच्याहून जास्त कडक नको. मी करून देतो. तू घाईत आहेस, तुझा हात हलेल."

त्यांनी सात लहान बाटल्या काढल्या आणि दुपारच्या सुट्टीत डबा न खाता त्या भरल्या. प्रत्येकीवर फक्त आकडा. कुठल्या आकड्यात काय आहे ती चिठ्ठी त्यांनी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "आईला सांगू नकोस. माणसाला आधी कळलं की तिथेच खाज सुटते."

डॉक्टरांनी आईच्या पाठीवर सात लहान चौकोनी पट्ट्या चिकटवल्या, वर चिकटपट्टी. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, जड उचलायचं नाही. आई दोन दिवस फोटो काढायला बसल्यासारखी ताठ बसून होती. पोळ्यासुद्धा वडिलांनी लाटल्या. त्या पोळ्यांच्या आकारावरून तिला हसू यायचं आणि हसताना पाठ हलेल म्हणून ती तोंडावर हात धरायची.

त्या दोन दिवसांत तिने मला विचारलं, "सात वस्तू कोनत्या, ते तर सांग. आकडा नको सांगू."

मी तिला सांगितलं. एक पांढरी पेस्ट पिंपात येते, तिच्याने फेस होतो आणि मळ निघतो. तीच खरी धुणारी. तिचं नाव सोडियम लॉरिल सल्फेट. तिला जड पाण्याचं साबणाएवढं वावडं नाही, म्हणून तुझे केस सुटे झाले. दुसरं खोबरेलापासून केलेलं एक द्रव, त्याने फेस टिकतो. तिसरं मीठ.

"मीठ? आमटीत घालतो ते?"

"तेच. मीठ घातलं की शाम्पू घट्ट होतो."

"म्हंजी घट्ट असला की लई भारी, असं नाय?"

"नाही. मीठ जरा जास्त, एवढंच."

तिने हे बराच वेळ मनात घोळवलं. बाटली उलटी करून बुडबुडा किती सावकाश चढतो ते पाहायची आमच्या इमारतीतल्या सगळ्याच बायकांना सवय होती. ज्याचा सावकाश चढेल तो खरा माल.

"पुढं?"

चौथं लिंबातलं आंबट, साधं सायट्रिक अॅसिड. पाचवा रंग. सहावा वास, तो वाशीच्या एका व्यापाऱ्याकडून यायचा आणि त्याच्यात काय काय आहे ते तो आम्हालाही सांगायचा नाही. आणि सातवं फॉर्मॅलिन, शाम्पू नासू नये म्हणून. हा माझा सांगण्याचा क्रम होता, सरांचे आकडे वेगळे होते.

"जाईची फुलं कुठं आली यात?" आई म्हणाली.

"फुलं नाहीत."

"एक पन नाय?"

"एक पण नाही."

"आन मी विहारात सांगत फिरले, जाईचा शाम्पू म्हनून," ती म्हणाली. चिडली नव्हती. नुसती विचार करत होती.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी पट्ट्या काढल्या. सहा चौकोनांखाली कातडी होती तशीच होती. दोन नंबरच्या खाली लाल गोल उमटला होता, त्यावर बारीक पुरळ. डॉक्टर म्हणाले, "अजून दोन दिवसांनी परत या." परत गेलो तेव्हा तो गोल आणखी लाल झाला होता.

मी पर्समधून चिठ्ठी काढली. दोन नंबर फॉर्मॅलिन होतं.

त्याचं असं होतं की बाकीच्या वस्तू कामगारांनी पिंपातून काढून दिल्या तरी फॉर्मॅलिन मीच ओतायचे. एका मापाच्या भांड्यात, श्वास रोखून, तोंड बाजूला करून. डोळ्यांतून पाणी यायचं. माझ्या डोळ्यांतून पाणी काढणारी वस्तू मी शाम्पूच्या दर घाण्यात घालत होते आणि ती दुसऱ्याच्या डोक्यावर जाते हे मला माहीत होतं. कधी त्याचा वेगळा विचारच केला नव्हता. फॉर्म्युल्याच्या कागदावर ती शेवटच्या ओळीत होती आणि तिचं प्रमाण सगळ्यात कमी होतं.

घरी जाताना बसमध्ये आईने विचारलं, "ते फॉर्मॅलिन म्हंजी काय, नीट सांग."

"कॉलेजात बेडूक ठेवायचे बरणीत, कुजू नयेत म्हणून. त्यात असतं. पण शाम्पूत अगदी थोडं."

"बेडकाचं पानी?" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की पुढच्या बाकावरच्या बाईने वळून पाहिलं. "माझ्या डोक्यात बेडकाचं पानी?" आणि मग ती हसायला लागली. महिनाभर जिला झोप नव्हती ती बाई बसमध्ये हसत होती. मला काही हसता येईना. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता कळलं ना, मग झालं. माझ्या कातडीचं गावंढळपन नव्हतं ते."

कारखान्याचे मालक इंजिनिअर होते. दुसऱ्यांच्या कंपनीत वीस वर्षं काम करून त्यांनी हा कारखाना उभा केला होता. वाईट मनुष्य नव्हे. कामगारांच्या मुलांना वह्या द्यायचे. मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं.

"माझ्या घरी माझी बायको आणि दोन मुली हाच शाम्पू वापरतात," ते म्हणाले. "त्यांना काही होत नाही."

"हो, साहेब. बहुतेकांना होत नाही."

"सगळे हेच घालतात. या रस्त्यावर कुणालाही विचार. नाही घातलं तर पावसाळ्यात बाटलीत बुरशी धरते, मग लोकांच्या डोक्याला जे होईल ते याहून वाईट. आईंना म्हणावं, शिकेकाई वापरा. एका बाईसाठी फॉर्म्युला बदलायचा का?"

मी रात्रभर काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. जे तोंडात आलं ते बोलले. "एक बाई आपल्याला सापडली, साहेब. ती माझी आई होती म्हणून. बाकीच्या आपल्याला सांगायला येणार नाहीत. त्या पदर घेतील."

त्यांनी समोरची फाईल पुढे ओढली आणि म्हणाले, "जा, काम कर."

मला वाटलं, संपलं. पण चार दिवसांनी सर मालकांच्या खोलीत गेले आणि बराच वेळ बसले. बाहेर येऊन मला म्हणाले, "बाकीची कामं सांभाळून दुसरं काही टिकवणारं मिळतं का ते बघा, असं म्हणालेत. आणि बघायला परवानगी आहे, घालायला नाही. बघायला सुरुवात करू या."

दुसरं टिकवणारं होतं. मिथिल पॅराबेन नावाची पांढरी पूड. त्या काळी ती औषधांच्या सिरपमध्ये जायची, वडिलांच्या कंपनीतही वापरायचे. महाग होती. आम्ही थोडी मागवली. पहिल्या प्रयत्नात मी ती सरळ शाम्पूत टाकली आणि ती विरघळलीच नाही. शाम्पूत कोंडा पडल्यासारखे पांढरे कण तरंगत राहिले. सर म्हणाले, "कोंडा घालवायचा शाम्पू करतोय आपण, कोंडा घातलेला नव्हे." मग त्यांनी ती आधी गरम पाण्यात विरघळवून घ्यायची युक्ती दाखवली. दुसऱ्या प्रयत्नात शाम्पू पातळ झाला. तिसऱ्यात जमला.

आम्ही बारा बाटल्या केल्या. कमी पुडीच्या तीन, मध्यम पुडीच्या तीन, जास्त पुडीच्या तीन आणि तीन फॉर्मॅलिनच्या. पावसाळाभर त्या गोदामाच्या सगळ्यात ओल्या कोपऱ्यात ठेवल्या. दर सोमवारी मी बूच काढून वास घ्यायचे आणि वहीत लिहायचे. ऑगस्टमध्ये कमी पुडीच्या बाटल्यांना ताक आंबल्यासारखा वास सुटला आणि वर राखाडी साय धरली. मालकांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. टिकवणारं काहीतरी लागतंच. मध्यम पुडीतली एक बाटली सप्टेंबरात गेली. फॉर्मॅलिनच्या तर टिकल्याच, पण जास्त पुडीच्या तिन्हीही दसऱ्यापर्यंत होत्या तशा राहिल्या.

सरांनी त्या तिन्ही मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. मालकांनी बूच काढून वास घेतला, थोडा हातावर चोळला, हिशेब केला. शेवटी म्हणाले की घरगुती लहान बाटलीत हे घाला. ब्यूटी पार्लरना जाणारे मोठे कॅन आहेत तसेच राहतील, कारण त्यांचा भाव ठरलेला आहे. मी पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुलींच्या हातांबद्दल बोलले. दिवसभर त्यांचे हात त्यातच असतात. ते म्हणाले, "एका वेळी एक." मी बाटलीवर वस्तूंची नावं छापण्याबद्दलही विचारलं. त्याला ते नाही म्हणाले, कारण लेबल आमचं नव्हतंच. जे मिळालं तेवढंच मिळालं. सर म्हणाले, "मी इथे आलो तेव्हापासूनचा फॉर्म्युला आहे तो. हललेला मी पहिल्यांदा बघतोय." पार्लरचे कॅन मी तिथून जाईपर्यंत बदलले नाहीत, आणि ते भरताना मी हातमोजे घालायला लागले, हेही सांगायला हवं.

इकडे आई मधल्या काळात शिकेकाईकडे वळली होती. पण आता ती साधी गिऱ्हाईक राहिली नव्हती. बाजारातल्या वाण्याकडे शिकेकाईची तयार पुडी मागितली की ती विचारायची, "यात काय काय हाय?"

"चांगला माल आहे, मावशी."

"चांगला हाय ते तुमी सांगितलं. काय काय हाय ते सांगा."

वाणी पुडी उलटसुलट करायचा. त्यावर काही लिहिलेलं नसायचं. एकदा तो वैतागून म्हणाला, "शिकेकाईत शिकेकाई असते हो!" आई म्हणाली, "माझ्या लेकीच्या शाम्पूत जाई असते असं मलाबी वाटायचं." तिथे उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या आणि त्यांनीही पुडी खाली ठेवली. वाण्याने मला एकदा रस्त्यात गाठून सांगितलं, "ताई, तुमच्या आईला जरा समजवा. गिऱ्हाइकं माझं डोकं खातात आता."

शेवटी तिने अख्ख्या शेंगा आणून घरी कुटायला सुरुवात केली. पण वर्षभरात कंटाळली. शिकेकाई डोळ्यांत गेली की आग होते, कुटताना शिंका येतात, आणि फेस नाही. ती मला स्पष्ट म्हणाली, "खरं सांगू का? फेस मला आवडायचा. वासबी. झाडपाल्याचं सगळं सोसतं आन कारखान्यातलं सोसत नाय, असं काय नसतं बघ. या शेंगानं मागच्या म्हयन्यात कपाळ चुरचुरलं माझं."

इमारतीतल्या बायका तिच्याकडे येऊ लागल्या. कुणाचे केस गळत होते, कुणाला कोंडा, कुणाला पांढऱ्याचे काळे करायचे. ती औषध सांगायची नाही. एकच गोष्ट सांगायची. नवीन काहीही आणलं की आधी थोडं कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं आणि दोन दिवस बघायचं. पाठीवर पट्ट्या लावून घेतल्याची हकीकत ती प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायची, वडिलांच्या पोळ्यांसकट.

आमचा नवा शाम्पू बाजारात गेला तेव्हा मी पहिल्या घाण्यातली बाटली घरी आणली. यावेळी तिने ती उजेडात धरली नाही. बूच काढून कोपराला लावला. दोन दिवस. काही झालं नाही. मग कानामागे. दोन दिवस. काही नाही. मग एका रविवारी डोकं धुतलं. मी कारखान्यातली कामं काढून बसले होते, पण माझं सगळं लक्ष न्हाणीच्या दाराकडे होतं. ती बाहेर आली, केस पंचाने टिपले, म्हणाली, "ठीक हाय." मानेवर काही उमटलं नाही. त्या दिवशी नाही, आठवड्यानंतरही नाही.

मला वाटलं, आता आयुष्यभर हीच बाटली न्हाणीच्या खिडकीत राहणार.

चार-पाच महिन्यांनी खिडकीत दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीच्या शाम्पूच्या लहान पुड्या दिसल्या. त्या तेव्हा नुकत्याच दुकानात दोऱ्याला टांगलेल्या दिसायला लागल्या होत्या. फाडायची आणि एकदा डोकं धुवायचं.

"हे काय?" मी म्हणाले.

"शाम्पू हाय."

"आपला संपला का?"

"नाय. हाय की अर्धा." तिने माझ्याकडे पाहिलं. "हा कोपराला लावून बघितला. कानामागं बघितला. सोसतो. आन केस तुझ्यापेक्षा मऊ ऱ्हातात."

"आई, आम्ही पावसाळाभर..."

"व्हय, म्हाईत हाय मला. लई केलंस. म्हनून का तुझाच लावू? तूच म्हनलीस ना, बघून घ्यावं म्हनून. मी बघितलं."

मला लागलं. एखादा दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. तिने त्याकडे लक्ष दिलं नाही, नेहमीसारखी डबा भरून दिला. सोमवारी निघताना मी त्या पुड्यांपैकी दोन पर्समध्ये टाकल्या आणि कारखान्यात सरांपुढे ठेवल्या. आम्ही एक फाडली. आंबटपणा तपासला, मोजपात्रात पाणी घालून हलवलं आणि घड्याळ लावून फेस बसायला किती वेळ लागतो ते पाहिलं. शेजारी आमचा शाम्पू ठेवला होता.

"त्यांचा फेस बारीक आहे," सर म्हणाले. "आणि टिकतोही जास्त."

मी वाकून पाहिलं. तसंच होतं. मी वही उघडली आणि तसं लिहिलं.